रात्री आठची रिक्षा: एमआयडीसी ते पिंप्राळा, आमच्या प्रकल्प नोंदी

२७ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर कोण काय बोललं ते विसरायला होतं आणि मग तेच भांडण पुन्हा.

आम्ही चार जण. मी एमआयडीसीत एका पाइप व्यापाऱ्याकडे अकाउंट्स बघते, राहायला पिंप्राळ्यात. मावशी चटई कारखान्यात पॅकिंगला आहे. शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्याला प्रोजेक्ट हवाय. आणि आप्पा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यांना घरात बसवत नाही एवढंच कारण.

विषय साधा आहे. जळगावला सिटीबस नाही. २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार लोकसंख्या, आता किती वाढली असेल ते डोळ्याने दिसतंच, आणि एवढं गाव चालतं शेअर रिक्षावर. दिवसा काही अडत नाही. अडतं रात्री आठला. पॅकिंगच्या बायका सुटतात तेव्हा रिक्षावाला सहा सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, दिवसाचे ३० रुपये रात्री ५० होतात, कधी ६०, आणि फ्रंट सीटवर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना बसायची वेळ शेवटी बायकांवरच येते.

परवाच एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्याचं निमित्त करून अजिंठा चौफुलीवरच्या रिक्षावाल्यांनी पण पाच रुपये वाढवले. आता रिक्षाचा आणि एसटीच्या भाड्याचा संबंध काय, पण विचारणार कोण.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली बैठक, आमच्या गच्चीवर. भरीत-पुरी होती म्हणून सगळे वेळेवर आले हे आधी कबूल करते.

पोराने लॅपटॉप उघडला आणि ॲपच्या गोष्टी सुरू केल्या. बुकिंग, लाइव्ह लोकेशन, रेटिंग. मावशीने एवढंच विचारलं की माझ्या मोबाईलला सुटायच्या वेळी चार्जिंग उरत नाही, आणि तसाही तो गेटवर जमा असतो, मग रिक्षा बोलवायची कशी? पोरगा गप्प झाला.

मग त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. २०१७ मध्ये रॉबिन चेज नावाच्या बाईच्या पुढाकाराने शेअर वाहतुकीची दहा तत्त्वं मांडली होती. ही तीच, जिने २००० साली अमेरिकेत झिपकार सुरू करण्यात भाग घेतला, म्हणजे तासावर गाडी. त्यातलं एक तत्त्व असं की गाड्यांपेक्षा माणसं आधी धरायची. आप्पा म्हणाले, हे आम्हाला डेपोत कोणी शिकवलं नाही पण आम्ही भारमान काढायचो.

भारमान म्हणजे गाडीत जागा किती, त्यातल्या भरल्या किती, त्याची टक्केवारी. कंडक्टरचं आख्खं आयुष्य त्या एका आकड्यात जातं. आप्पांचा प्रश्न असा होता: रात्री आठच्या रिक्षाचं भारमान किती? आम्ही म्हटलं दोनशे टक्के, तीनच्या जागी सहा. ते म्हणाले, जाताना. आणि परत येताना?

त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. भरीत संपलं.

९ फेब्रुवारी

रविवार गेला पोराच्या सायकलीच्या भुतामागे. त्याचं म्हणणं भाड्याच्या सायकली ठेवू. मी पुण्याची आठवण काढली, डिसेंबर २०१७ मध्ये तिथे ॲपवर उघडणाऱ्या सायकली आल्या, लोकांनी कुलपं फोडली, सीट पळवल्या, काही नदीत गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पोरगा म्हणे ॲम्स्टरडॅमला तर १९६५ मध्येच पांढऱ्या रंगाच्या फुकट सायकली ठेवल्या होत्या. त्यांचं काय झालं? म्हणे पोलिसांनी उचलून नेल्या, कुलूप नव्हतं म्हणून.

शिवाय मे महिन्यात ४४ डिग्रीत एमआयडीसीपर्यंत सायकल कोण मारेल. विषय बंद.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोजणी सुरू. पद्धत आप्पांची: कागदावर दोन रकाने, जाताना आणि येताना, बाकी काही नाही. मी अजिंठा चौफुलीवर चहाच्या गाडीपाशी, मावशी कारखान्याच्या गेटवर. पोराची सबमिशन आणि बाकीच्यांच्या घरात बारावीच्या परीक्षा, त्यामुळे माणसं कमी.

एका रिक्षावाल्याशी बोलणं झालं. अमळनेरकडचा, अहिराणी बोलतो. त्याला म्हटलं, भाऊ तीनच सवाऱ्या घ्या, ३० रुपये घ्या, कायद्याप्रमाणे. तो हसला. म्हणाला, "तुमनं बठ्ठं बराबर शे ताई, पन वापस येतांना मी काय हवा भरीसन लई येऊ का?"

हेच ते. रात्री पिंप्राळ्याहून चौफुलीकडे सवारी मिळत नाही, त्याला रिकामं यावं लागतं. म्हणजे जाणाऱ्या बायका दोन फेऱ्यांचे पैसे देतात आणि त्यांना वाटतं रिक्षावाला लुटतो. रिक्षावाल्याला वाटतं आपण उपकार करतोय. रिकाम्या सीटचं भाडं कोणीतरी भरतंच, फक्त ते कोण भरतंय हे कोणाला दिसत नाही.

कायद्याचंही वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रिक्षा हे कंत्राटी वाहन, म्हणजे एका भाड्याने एक गिऱ्हाईक, रस्त्यात थांबून सुट्या सवाऱ्या भरणं परमिटात बसत नाही. शेअर करायचं असेल तर आरटीओतल्या प्राधिकरणाने तो मार्ग आणि दर मंजूर करायचा. म्हणजे निम्मं शहर रोज ज्यावर चालतं ते कागदावर चुकीचं. आणि जे कागदावर चुकीचं त्याला दरपत्रक कसं असणार, तक्रार कुठे करणार.

१ मार्च, शनिवार

आज बसून पोराने प्रदूषणाचा हिशोब केला, त्याच्या प्रोजेक्टला 'शाश्वत' शब्द लागतो म्हणून. पण निघालं ते मला अपेक्षित नव्हतं, म्हणून नीट लिहिते.

एक किलो सीएनजी जळला की साधारण पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. रिक्षावाले सांगतात किलोला ३० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ९२ ग्रॅम. तीन सवाऱ्या धरल्या तर माणशी ३१. छान. आता तीच रिक्षा रिकामी परत आली तर तोच धूर पुन्हा, तोही त्याच तीन जणींच्या खात्यावर, माणशी ६१. आणि बाईक? पेट्रोलला लिटरमागे २.३ किलो, ५० चं ॲव्हरेज धरा, एकटा माणूस ४६ ग्रॅम.

म्हणजे रिकामी परतणारी शेअर रिक्षा एकट्या बाईकवाल्यापेक्षा जास्त धूर करते! मी दोनदा कॅल्क्युलेटर मारला.

पोरगा म्हणाला मग ई-रिक्षा. ठीक आहे, तेही करून बघू म्हटलं. मोठी ई-ऑटो एका युनिटला दहाएक किलोमीटर जाते असं धरलं, आणि एका युनिटमागे आपल्या विजेत साधारण ७०० ग्रॅम. वीज काय आकाशातून पडत नाही, भुसावळला जाताना दीपनगरच्या चिमण्या दिसतात ना, ५०० मेगावॉटचे दोन संच, कोळसाच तो. किलोमीटरला ७० ग्रॅम, तीन जणींत २३, आणि रिकामी परत आली तर ४७. पुन्हा बाईकच्या पुढेच! गाडी बदलून धूर कमी होतो हे खरंय, पण रिकामी फेरी तशीच राहिली तर अर्धा धूर तिचाच असतो.

आप्पा काही बोलले नाहीत, फक्त मिशीत हसले. भारमान.

१५ मार्च

काल धुळवड, रिक्षा बंद, सगळे रंगलेले. कालची मोजणी फुकट. मावशीला काल सुट्टी नव्हती, ती चालत आली साडेसात किलोमीटर, कारण मोबाईल बॅटरी संपलेला आणि मला कळवायला काही नाही. यावर जास्त लिहवत नाही.

२२ मार्च

मोठा शोध. खरं तर समोरच होता, डोळे दुसरीकडे होते.

रात्रपाळीची मुलं. चटई कारखान्यात मशीनवर बहुतेक यूपी-बिहारची, ती पिंप्राळा हुडको वसाहतीकडे खोल्या करून राहतात आणि आठच्या पाळीला येतात. म्हणजे सवारी आहे! पिंप्राळ्याहून एमआयडीसीकडे, त्याच वेळेला, त्याच रस्त्याने. मावशीने गेटवर मोजली, त्या दिवशी अकरा जण.

मग रिक्षा त्यांना घेऊन येते आणि बायकांना घेऊन जाते असं का होत नाही? कारण मुलं पावणेआठला उतरतात आणि बायका गेटाबाहेर पडतात सव्वाआठला. अर्धा तास रिक्षावाला कशाला थांबेल, तेवढ्यात चौफुलीवरचा त्याचा नंबर जातो. तो निघून जातो रिकामा, आणि सव्वाआठला दुसरा येतो, तोही रिकामा.

आणि बायका आठला सुटतात तर सव्वाआठ का वाजतात? थैली तपासणी. बायकांची थैली तपासायला एकच बाई आहे आणि ती तपासणी आठच्या भोंग्यानंतरच सुरू करते. म्हणजे एवढं सगळं भाडं, गर्दी, धूर, रात्रीची भीती, ते सगळं एका थैली तपासणीच्या रांगेत अडकलंय. मला हसू पण आलं आणि संताप पण.

२ एप्रिल, बुधवार

काल मंत्रिमंडळाने ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली. एक लाखावर लोकसंख्येची शहरं, १५ किलोमीटरपर्यंत. म्हणजे जळगाव-धुळे तर सोडाच, भुसावळ आणि नंदुरबारही बसतात. पोरगा खूश.

मावशीला विचारलं बसशील का अनोळखी पोराच्या मागे रात्री आठला. म्हणाली, दिवसा बसेन, दवाखान्यात जायचं असेल तर. रात्री नाही, गल्लीतले बघतात. हे कोणत्या धोरणात लिहिणार? शिवाय एका गाडीवर एकच सवारी, परतीचा प्रश्न तिथेही तोच.

चौफुलीवर मात्र रिक्षावाल्यांत चलबिचल आहे. आमचं बोलणं ऐकायला आज पहिल्यांदा पाच जण थांबले. भीतीने का होईना.

१३ एप्रिल, रविवार

बैठक, या वेळी रिक्षावाल्यांसोबत, कडुलिंबाखाली. तिघं आले. शेव-मुरमुरे, चहा.

हिशोब मांडला. येताना तीन मुलं, ३० प्रमाणे ९०. जाताना तीन बायका, ९०. एकूण १८०. ते म्हणाले रात्रीचे अडीचशे सुटले तरच परवडतं, रिक्षाचा हप्ता आहे, इन्शुरन्स, पासिंग, आणि थांबायचं ते वेगळं. खोटं नाही बोलत, मी त्यांचा महिन्याचा खर्च माझ्या वहीत मांडून बघितला, अकाउंटंट आहे म्हणून सांगते, तो फार काही कमवत नाहीये. एकजण म्हणाला, एसटीत बायांना अर्धं तिकीट केलं (१७ मार्च २०२३ पासून आहे ते), त्याचे पैसे सरकार एसटीला देतं, आमच्या गाडीत तीच बाई बसली तर तिला सवलत नाही आणि आम्हाला पण काही नाही.

याला उत्तर नाही माझ्याकडे. बरोबरच आहे त्याचं.

मग ७० रुपये कोण भरणार? मावशी म्हणाली मी १० जास्त देते. मी नाही म्हटलं, आधीच तीच भरत आलीये. आप्पांचं मत कारखान्याने भरावं, कारण सातनंतर बायकांना थांबवतो तो. मी वाचून ठेवलं होतं, फॅक्टरी ॲक्ट १९४८, कलम ६६, मूळ नियम बायकांनी सकाळी ६ ते संध्याकाळी ७, त्यापुढे काम द्यायचं तर सुरक्षिततेची आणि घरी पोचवायची सोय मालकाची. ते आठवण करून देण्यासारखं आहे, धमकी म्हणून नाही.

तीन की पाच सवाऱ्या यावर अर्धा तास वाद. पोरगा म्हणे चार तर घेऊ द्या. मी तीनवर अडून बसले. चौथीला हो म्हटलं की पाचवी आपोआप येते, हे मी रोज बघते.

२२ एप्रिल

कारखान्यात गेलो मी आणि आप्पा. कंत्राटदार म्हणाला बायका माझ्याकडे, पण गेट कंपनीचं. कंपनीचा माणूस म्हणाला गेट आमचं, पण बायका कंत्राटदाराच्या. टोलवाटोलवी. शेवटी आप्पांनी कंडक्टरच्या आवाजात विचारलं, "थैली पावणेआठला तपासली तर कंपनीचं काय जातं?" माणूस थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला बघतो. भाड्याच्या पैशांचं मात्र ऐकून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

कारखान्यातल्या अर्ध्या बायका माहेरी. झोके बांधलेत सगळीकडे, घरात मांडे आणि आमरस. आज काम नाही.

एवढं मात्र लिहून ठेवते, परवापासून थैली तपासणी पावणेआठला सुरू झाली! कोणी काही कळवलं नाही, नुसती सुरू झाली.

११ मे

आनंद फार टिकला नाही. आखाजीच्या आठवड्यात बायका नव्हत्या, तिन्ही रिक्षावाले मुलांना सोडून थांबले आणि दोन दिवस रिकामे गेले. आमची चूक, त्यांना आधी सांगायला हवं होतं. एकजण सोडून गेला. म्हणाला तुमच्या भरवशावर माझा नंबर गेला दोनदा. अमळनेरवाला भाऊ मात्र थांबलाय, शिव्या देत.

त्यावरून एक नियम केला: रिक्षा थांबली आणि सवारी आलीच नाही तर ५० रुपये आमच्या पेटीतून. पेटीत सध्या ८४० आहेत. ऊन कडक, गेटवर सावली नाही, रिक्षावाला रिक्षातच भाजतो.

८ जून

कंत्राटदार अखेर माणशी २० रुपयांवर आला. का आला ते सांगते, तीन बायका दुसऱ्या कारखान्यात गेल्या आणि त्याने पहिल्यांदा विचारलं का गेल्या. त्यांना तिथून घरापर्यंत गाडी मिळते.

आता हिशोब: मुलं तीन गुणिले ३०, नव्वद. बायका तीन गुणिले ३०, वर कंत्राटदाराचे २०, म्हणजे दीडशे. एकूण २४०. अडीचशेला दहा कमी. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, चालस."

सध्या पुन्हा तीन रिक्षा, नऊ बायका. उरलेल्या पाच जणी अजून जुन्याच पद्धतीने येतात. त्यातली एक सरळ म्हणाली, तुमच्या ओळखीच्या नऊ जणींची सोय झाली. लागलं ते. पण खरं होतं, यादी मावशीने केली होती आणि मावशीच्या ओळखीच्याच आधी आल्या. आता चिठ्ठ्या टाकून आठवड्याला आळीपाळी ठेवलीये, चौथी रिक्षा मिळेपर्यंत. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

३ जुलै, गुरुवार

परवा १ तारखेला केंद्राने ॲपवाल्या टॅक्सी-रिक्षांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत घेता येणार, आधी दीडपट होतं. पोराने वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, म्हणजे चौफुलीवर जे रात्री तोंडी चालतं ते आता कागदावर.

मला एवढं वाटलं की ॲपवाल्यासाठी नियम निघतो, चांगलाच आहे, ड्रायव्हरचा हिस्सा वगैरे त्यात लिहिलेलं असतं, पण पिंप्राळा-एमआयडीसी शेअर मार्गासाठी कागद काढायचा तर आमचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे विचारायला तीन चकरा झाल्यात. आज सही-शिक्का मिळाला, पोच घेतली.

१२ जुलै, शनिवार

पाऊस. गेटसमोर घोटाभर पाणी. दोन रिक्षा वेळेवर, तिसरा गॅसच्या लाईनीत अडकला, वीस मिनिटं उशीर, पण आला. आप्पांनी वहीत लिहिलं: जाताना ९, येताना ८. रात्रपाळीचा एक मुलगा तापाने आला नव्हता.

चौथ्या रिक्षासाठी एक ताई विचारत होत्या, स्वतः चालवतात, शिरसोली रोडकडे राहतात. त्यांचा बॅज नुकताच झालाय, परमिट नावावर आहे, पण रात्री आठला घरी पोरं एकटी राहतात म्हणून अजून ठरत नाहीये. मी म्हटलं सोमवारी या, दोन दिवस करून बघा.

उद्या पेंटरकडून दराचा बोर्ड आणायचाय, गेटवर आणि हुडकोत एकेक. त्याने अक्षरं नीट काढलीत का ते आधी बघायला हवं, मागच्या वेळी 'पिंप्राळा'चं 'पिंपळा' करून ठेवलं होतं आणि तीनचा आकडा असा काढला होता की पाच वाटावा.